पार्किंगमधली गणपूर्ती

लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायला आले तेव्हा सुरुवातीचा महिनाभर मी लिफ्टमध्ये डोळे मिटून उभी राहायचे. आता त्या लिफ्टच्या देखभालीचा करार कुणी करायचा, त्यावर सही कुणाची लागते आणि ती बंद पडली तर शिव्या कुणी खायच्या, हे सगळं मला तोंडपाठ आहे. शिव्यांचं पुस्तकात नाही. ते कलम मी माझ्या अनुभवाने जोडलं आहे.

आमची इमारत धाराशिवच्या बाहेरच्या अंगाला आहे. अठरा घरं, खाली पार्किंग, वर गच्ची. राहणारे सगळे आसपासच्या गावांतून आलेले. कुणी बेंबळीचे, कुणी लोहाऱ्याचे, आमच्या समोरच्या दारातल्या काकू मुरुमच्या. माझे मिस्टर एसटीत ड्रायव्हर आहेत. घरात आम्ही दोघं आणि आत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि माझ्या दुपारी अचानक मोकळ्या झाल्या. मी बी.कॉम. आहे, पण ते प्रमाणपत्र लग्नानंतर जे लोखंडी कपाटात गेलं ते गेलंच. मधल्या काळात त्या कपाटाला दोनदा रंग दिला, प्रमाणपत्राला कुणी हात लावला नाही.

बिल्डरने इमारत सोसायटीच्या ताब्यात दिली आणि सगळा गोंधळ सुरू झाला. पाण्याची मोटार कुणी चालू करायची, वॉचमन रजेवर गेला तर गेट कुणी उघडायचं, काही ठरलेलं नव्हतं. आमचे चेअरमन म्हणजे निवृत्त हेडमास्तर. पत्नी गेल्यावर एकटेच राहतात. सगळ्यांची धुणी धुऊन ते बेजार झाले होते. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाले, "पोरी, सहकार खात्याची परीक्षा असती. गृहनिर्माण संस्थेचं व्यवस्थापन. तू बी.कॉम. हायस. परीक्षा दे, पास झालीस तर आपल्या सोसायटीची मॅनेजर तूच."

मी तीन मजले जिन्याने चढून गेले. लिफ्ट चालू होती, पण माझ्या लक्षातच आलं नाही.

मला ती नोकरी हवी होती. का हवी होती ते सरळच सांगते. चाळिशी उलटून गेली होती आणि तोवर माझ्या नावाची हजेरी कुठे लागली नव्हती. पैशाची फार ओढ होती असं नाही. पण सकाळी एका ठरावीक जागी जाऊन बसायचं, लोकांनी कामासाठी तिथे यायचं आणि ते काम आपण करायचं, एवढं एकदा आयुष्यात करून बघायचं होतं. आणि ती जागा माझ्याच जिन्याखाली होती. ह्याहून सोयीची नोकरी देवाने जरी शोधली असती तरी सापडली नसती.

अडचणी दोन होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी लातूरची एक एजन्सी आणायच्या मागे होते. बाहेरची माणसं असली की ओळखपाळख आड येत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसरी अडचण घरात होती.

"शेजाऱ्याकडनं पगार घ्यायचा?" आत्या म्हणाल्या. "शेजाऱ्याला वाटीभर साखर द्यावी, वाटीभर घ्यावी. पगार कुठं घेत असतात व्हय? उद्या समोरची म्हणंल, मोटार चालू कर गं, तर तू भाकर टाकून पळणार?"

"आत्या, ते वॉचमन करतो. मॅनेजर नुसतं बघते."

"बघायचा पगार! लई झ्याक."

आत्या भांडत नाहीत. त्यांचं एकच वाक्य असतं आणि ते वर्षभर टिकतं.

फॉर्म भरला. पुस्तकं लातूरहून मिस्टरांनी ड्युटीवरून येताना आणली. अभ्यासाला जागा मिळाली ती गच्चीवर, कारण मार्चमध्ये आत्यांच्या कुरडया तिथे वाळत असतात आणि कबुतरं हाकायला कुणीतरी लागतं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत मी पुस्तक उघडून बसायचे. गच्ची ही सर्व सदस्यांची सामायिक जागा, तिचा वापर कुणा एकाला स्वतःपुरता करता येणार नाही, हे कलम मी वाचलं तेव्हा माझ्या पायापासून पलीकडच्या कठड्यापर्यंत आमच्याच घरच्या कुरडया पसरलेल्या होत्या. मी त्या कलमाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि कबुतरांवर ओरडले.

रात्री जेवताना मिस्टर माझी उजळणी घ्यायचे. पुस्तक ताटाशेजारी उघडं ठेवून, तेलकट बोट लागू न देता, मोठ्या परीक्षकासारखे प्रश्न विचारायचे.

"सदस्य म्हणजे कोण?"

"ज्याच्या नावाने सदनिका आहे, ज्याला भाग म्हणजे शेअर दिलेले आहेत आणि ज्याचं नाव संस्थेने दाखल करून घेतलंय तो."

"म्हणजे ज्याच्या हातात तिकीट त्योच प्यासिंजर," मिस्टर म्हणाले. "बाकीचे नुसते स्टँडवर पोचवायला आलेले."

मी हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. एवढं बरोबर उत्तर समोर असून आम्हा दोघांनाही त्यातलं काही कळलं नव्हतं. आमच्या इमारतीत पोचवायला आलेलेच खिडकीजवळ बसलेले होते.

मॅनेजरचा निर्णय सर्वसाधारण सभेत व्हायचा होता. विषय साधा: एजन्सी लगेच नेमायची, की माझा निकाल लागेपर्यंत थांबायचं. सेक्रेटरींनी नियमाप्रमाणे सूचना फलकावर लावली. पहिल्या सभेला चौघे आले. दुसरीला पाच आले, त्यातले एक गाडी काढायला आलेले होते आणि आम्ही त्यांना धरून बसवलं. गणपूर्ती म्हणजे सभा चालवायला लागणारी किमान हजेरी. आमच्या अठरांत ती बारा. दोन्ही वेळा सभा तहकूब झाली.

तहकूब सभा पुन्हा भरवली की हजर असतील तेवढ्यांवर काम चालवता येतं, हे मी नुकतंच पाठ केलं होतं. मी ते चेअरमनना सांगितलं. ते म्हणाले, "मला ठावं हाय. पर तुझ्या नेमणुकीवर उद्या कुणी बोट ठेवायला नको. नव्यानं सभा लावतो. बारा माणसं बसली तर ठराव मांडतो. न्हाय बसली तर मग एजन्सी. मी तरी किती दिवस मोटार चालू करू?"

तेव्हा सेक्रेटरींच्या हातात एजन्सीचे कागद होते. त्यांनी ते छातीशी धरले होते.

फलकावरची सूचना वाचून आमच्याकडे कुणी कुठे जात नाही, हे मला तेव्हा उमगलं. आमच्या गावांकडे पंगतीला सुद्धा दोनदा बोलावतात. आधी आवतन द्यायचं आणि पानं मांडली की पुन्हा कुणीतरी दारात जाऊन चला म्हणायचं. नुसत्या कागदावर जो जेवायला गेला त्याला लोक हावरट म्हणतील. मग मिटिंगला तरी माणूस कसा येणार? मी ठरवलं, सभेच्या दिवशी आपणच दारोदार जायचं.

घरातून निघताना माझा हात आपोआप कुंकवाच्या करंड्याकडे गेला. लग्न झाल्यापासून कुणाला बोलवायला मी रिकाम्या हाताने गेलेली नाही. दार उघडलं की समोरच्या बाईला कुंकू लावायचं आणि म्हणायचं, "संध्याकाळी खाली या बरं का, नक्की." चेअरमनांना सांगायची गरज नव्हती; बाकी जे दार उघडलं तिथे बाईच आली. पुरुष कामावर नाहीतर टीव्हीसमोर. मी कुंकू लावत गेले, बोलावत गेले, आणि मिटिंग हा शब्द किती दारांत माझ्या तोंडातून निघाला हे आज सांगता येणार नाही. दिवस चैत्रातले होते. चैत्रात कुंकू लावून बोलावलं की त्याचा अर्थ एकच होतो.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सतरंजी टाकली होती. चेअरमन, सेक्रेटरी आणि दोनतीन पुरुष खुर्च्यांवर बसलेले. मी माझं पुस्तक काखेत मारून उभी. आणि लिफ्टचं दार उघडलं तर आतून बायका. जिन्यावरूनही बायका. ठेवणीतल्या साड्या, केसांत मोगरा. मुरुमच्या काकूंनी तर नाकात नथ घातली होती. सतरंजी भरून गेली.

"अय्यो, चैत्रगौर कुठं मांडली हाय?" काकूंनी चौफेर बघत विचारलं. "पन्हं तरी केलंस का न्हाय?"

माझे कान तापले. सेक्रेटरी खुर्चीतून उठले. "अहो, हे काय? इथं सोसायटीची सभा हाय. सदस्य कुठंयत? मालकांना पाठवा."

काकू तिथल्या तिथे बसल्या होत्या, त्या हलल्या नाहीत. "मालक म्हणजे कोण? फ्लॅट माझ्या नावावर हाय की. बिल्डर म्हणला, बाईच्या नावानं घेतलं तर सरकारी खर्च कमी पडतो. मग ह्यांनी मलाच सही करायला नेलं होतं. दोन तास उभी होते त्या हापिसात."

"माझंबी तसंच," मागून एकजण म्हणाली. "आमचंबी," दुसरी म्हणाली. सतरंजीवरून एकेक आवाज येत गेला. आमच्या इमारतीतली बहुतेक घरं बायकांच्या नावावर होती, आणि सोसायटी झाल्यापासून प्रत्येक सभेला त्यांचे नवरे येऊन हात वर करत होते.

चेअरमन माझ्याकडे बघायला लागले. मी पुस्तक उघडलं. पान कुठलं ते मला झोपेतही सापडलं असतं. सदस्य तोच, ज्याच्या नावाने सदनिका. नवऱ्याला सहयोगी सदस्य करून घेता येतं, पण तसा अर्ज आमच्यात कुणी केलाच नव्हता. मी वाचून संपवलं तेव्हा खुर्च्यांवरची मंडळी एकमेकांकडे बघत होती. सेक्रेटरींचं घरही त्यांच्या मिसेसच्या नावावर होतं. त्या सतरंजीवर पहिल्याच रांगेत बसलेल्या होत्या, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला होता. हसू आवरत नव्हतं त्यांना.

"मग बायकाच मोजा," चेअरमन म्हणाले. त्यांचं स्वतःचं घर त्यांच्याच नावावर होतं म्हणून ते निवांत होते.

मोजलं. चेअरमन धरून दहा. दोन कमी पडत होते. चार घरांना कुलूप होतं, ती माणसं गावाकडे गेलेली. नियमाने अर्धा तास वाट बघायची असते. सेक्रेटरींनी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

तेवढ्यात मला तळमजल्यावरच्या नर्सबाई दिसल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, यजमान पूर्वीच वारलेले. त्या आपल्या दाराच्या चौकटीला टेकून आमचा सगळा प्रकार बघत होत्या.

"बाई, तुम्ही आला नाहीत?" मी विचारलं.

"मला कुठं बोलावलंस?" त्या म्हणाल्या. रागाने नाही, सहज म्हणाल्या.

आणि मला चटका बसला. मी सगळी दारं वाजवली होती, फक्त दोन सोडून. ठरवून सोडली असंही नाही. हातात करंडा होता आणि विधवेच्या दारात करंडा घेऊन जायचं नसतं, म्हणून पाय आपोआप पुढच्या दाराकडे वळले. कायद्याचं पुस्तक पाठ करून मी हे केलं होतं. मला लाज वाटली, आणि ती अजूनही वाटते. मी त्यांच्यापाशी गेले, हात जोडले आणि सभेला चला म्हणाले. त्या चप्पल घालून लगेच आल्या. मुरुमच्या काकूंनी सरकून त्यांना जागा दिली.

दुसरं दार आमचंच होतं. आमचं घर आत्यांच्या नावावर आहे, आणि सासरे जाऊन बरीच वर्षं झाली.

मी जिना चढून वर गेले. आत्या गॅलरीत तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. खालून येणारे आवाज त्यांना ऐकू येतच असणार.

"आत्या, खाली चला."

"म्या कशाला? हळदीकुंकू हाय म्हणं."

"हळदीकुंकू न्हाय, मिटिंग हाय. घर तुमच्या नावावर हाय. तुम्ही आल्याबिगर माणसं पुरत न्हाईत."

"घर माझ्या पोराचं हाय."

"पैसा त्यांचा. नाव तुमचं. कायद्यानं तुम्ही सदस्य हाय, ते न्हाईत. मी तर न्हाईच न्हाई."

आत्यांनी सूप खाली ठेवलं. डाळीचा एक दाणा साडीवरून उचलून सुपात टाकला. मग माझ्या कमरेकडे बघितलं. करंडा अजून तिथेच खोचलेला होता.

"त्ये नको लावू," त्या म्हणाल्या. "तोंडानं सांग."

मी करंडा फ्रीजवर ठेवला. खाली अर्धा तास संपत आला होता, सेक्रेटरी घड्याळ घेऊन बसले होते, आणि मी माझ्याच घरात, माझ्याच सासूसमोर हात जोडून उभी राहिले. "आत्या, सोसायटीच्या मिटिंगला चला."

"आता कसं," आत्या म्हणाल्या. "थांब, लुगडं बदलते."

लुगडं बदलायला त्यांनी जो वेळ घेतला तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ होता. त्या निऱ्या घालत होत्या आणि मी दारात उभी राहून देवाचं नाव घेत होते. लिफ्टने उतरलो. आत्या सतरंजीवर मधोमध जाऊन बसल्या आणि चेअरमनांनी सभा सुरू झाल्याचं जाहीर केलं.

पुढे जी सभा झाली तशी मी नंतर पाहिली नाही. सगळ्याजणी एकदम बोलत होत्या आणि तरी सगळं सगळ्यांना ऐकू येत होतं. मुरुमच्या काकू उघड म्हणाल्या, "मला एजन्सीच बरी. हिच्यापाशी तक्रार कशी करू? परवाच हिच्याकडनं विरजण नेलंय." एकीने विचारलं, एजन्सीचा माणूस लातूरहून येईपर्यंत लिफ्टमध्ये अडकलेल्यानं काय करायचं? नर्सबाई म्हणाल्या, "पोरगी अभ्यास करतीया. निकाल लागूस्तर थांबायला काय हरकत हाय?" शेवटी हात वर करायची वेळ आली. थांबायच्या बाजूने सात हात वर झाले, एजन्सीच्या बाजूने तीन. चेअरमनांनी आपलं मत राखून ठेवलं. काकूंचा हात त्या तिनांत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या विरजण न्यायला आल्या.

आत्यांनी हात वर केला नाही. चेअरमनांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आकडा भरला न्हवं? म्या बसले तेवढं पुरं. सून माझी हाय, म्या हात वर केला तर लोकं म्हणतील सासूनं बसवली." त्यांना खरंच लोकांची काळजी होती, की साखरेच्या वाटीवरचं मत अजून कायम होतं, ते मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

मग मी झपाटून अभ्यास केला. आता नापास झाले असते तर त्या सात हातांना तोंड कसं दाखवलं असतं? लातूरला मे महिन्याच्या उन्हात तीन पेपर दिले. सकाळी एसटीने जायचं, संध्याकाळी परत. हिशेबाच्या पेपरला ताळेबंद पहिल्या झटक्यात जुळला नाही. मग चूक सापडली, दोन्ही बाजू जुळल्या, आणि मी बाकावरच हळूच "हां" म्हणाले. पर्यवेक्षकांनी माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या एका पेपरात सभेची सूचना कशी द्यावी असा प्रश्न आला होता. मी लेखी सूचना, फलक, मुदत, सगळं पुस्तकाप्रमाणे लिहिलं. दारोदार जायचं लिहिलं नाही. तपासणाऱ्याला ते कळलं नसतं.

निकाल लागला तो मिस्टरांनी डेपोतून फोनवर बघितला आणि मला सांगायच्या आधी डेपोत पेढे वाटले. मी पास झाले होते. चेअरमनांनी नेमणुकीचं पत्र दिलं. त्यावर सेक्रेटरी म्हणून सही होती ती सेक्रेटरींच्या मिसेसची, कारण मधल्या काळात कमिटीही नियमाप्रमाणे नव्याने बसली होती. इतिवृत्त अजूनही त्यांचे मिस्टर, म्हणजे जुने सेक्रेटरीच लिहितात, त्यांचं अक्षर चांगलं आहे. त्या वाचून, दोन ठिकाणी खोडायला लावून मगच सही करतात.

मीटरच्या खोलीशेजारची जागा मला ऑफिस म्हणून मिळाली. एक टेबल, एक खुर्ची, समोर एक बाक. पहिल्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून जाऊन बसले. डबा आत्यांनी भरून दिला, तीन मजल्यांवर घर असताना. थोड्या वेळाने लोहाऱ्याचे एक काका पार्किंगची तक्रार घेऊन आले आणि बाकावर बसून बोलायला लागले. मी ऐकत होते तेवढ्यात दारात आत्या दिसल्या. चांगलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन आल्या होत्या. काका उठून त्यांना पुढे करायला लागले तर त्यांनी हातानेच थांबवलं. "तुमचं होऊ द्या. तुमी आधी आलाव." आणि बाकाच्या टोकाला बसून राहिल्या.

काका गेले. आत्या बाकावरून उठल्या आणि टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर पाणी लई बारीक येतंय. दोन दिस झाले."

ते आमच्याच नळाचं पाणी होतं. सकाळी चहाच्या वेळी, ओट्यापाशी मी उभी असताना त्या मला हे सांगू शकल्या असत्या. सासू उभी आणि मी खुर्चीत, असं आमच्या घरात लग्नापासून कधी झालेलं नव्हतं. मी गडबडीने पदर सावरला आणि खुर्ची मागे सारून उठायला लागले.

"उठू नकोस," आत्या म्हणाल्या. "तू उठलीस तर म्या तक्रार कुणापाशी करू?"